जुन्या मोटारींचे टायर : आकड्यांतला इतिहास

खनिज निर्यातीच्या बळावर १९६१ पूर्वी गोव्यात परदेशी मोटारी आल्या. मुक्तीनंतर भारताचे आयात-निर्बंध लागू झाले आणि त्यांचे टायर मिळणे दुरापास्त झाले. फोक्सवागन बीटलचा मूळ टायर ५.६०-१५, म्हणजे रुंदी ५.६० इंच, रिमचा व्यास १५ इंच. अँबॅसेडरचा ५.९०-१५. रिमचे माप जुळते. मात्र हा मोठा टायर बसविल्यास वेगदर्शक काटा प्रत्यक्षाहून कमी वेग दाखवितो. आजचा १६५/८० आर १५ हा रेडियल टायर मूळ उंचीच्या जवळ जातो. डिचोलीच्या एखाद्या घरी अशी मोटार उरली असेल, तर रुंद टायरच्या ऐटीपेक्षा मूळ उंची व भारक्षमता यांनाच मान द्यावा. त्या काळाची ती चालती साक्ष आहे.