लेथवरची लाख : एका जुन्या यंत्राची साक्ष

बडोद्यात कुठलंही जुनं यंत्र विकायला निघालं की त्याच्याबरोबर एक वाक्य फुकट मिळतं : ‘हे कलाभवनातलं आहे.’ लाकूड कातायचा जो जुना लेथ मी भंगाराच्या दुकानातून घरी आणला, त्याच्याबरोबरही हे वाक्य आलं. फुकट नाही, वजनाच्या भावावर थोडं जास्तच मोजावं लागलं. पुढचे आठ महिने घरामागच्या शेडमध्ये तो सुटा करून, साफ करून पुन्हा चालू केला. ते करताना यंत्राने स्वतःबद्दल जे सांगितलं, ते या टिपणात मांडतो आहे. दुकानदाराच्या वाक्याशी ते जुळत नाही.

आधी त्या वाक्याचं वजन बघू. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन सुरू केलं. पहिले प्रमुख त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर. जन्म १८६३, सुरतचा, घराणं सुताराचं. तांत्रिक शिक्षण लोकांच्या भाषेतूनच दिलं पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. दादासाहेब फाळके इथलेच विद्यार्थी. १९४९ मध्ये विद्यापीठ झालं, तेव्हा कलाभवन त्यात सामील झालं. आजची अभियांत्रिकी शाखा ही त्याचीच पुढची पिढी. आम्हा बडोद्याच्या मराठी मंडळींना तर कलाभवन म्हणजे घरचंच. त्यामुळे जुन्या लोखंडाला ते नाव चिकटलं की ऐकणाऱ्यालाही बरं वाटतं. पण बरं वाटणं आणि पुरावा असणं यात फरक आहे.

लेथ साधा आहे. सागवानाचे दोन लांब वासे समांतर बसवून बेड केलेलं. डाव्या टोकाला बिडाचा हेडस्टॉक, उजवीकडे सरकणारा टेलस्टॉक, मध्ये टूल रेस्ट, म्हणजे पटाशी टेकवायची पट्टी. स्पिंडल पितळी बुशांत फिरतो, बॉल बेअरिंग नाही. तीन पायऱ्यांची पुली, चपट्या पट्ट्याची. कारखान्याचं नाव किंवा नंबर कुठेही ओतलेला नाही.

नाव नसलं की इंजिनिअर आट्यांकडे वळतो. स्पिंडलच्या नाकावरच्या आट्यांना गेज लावला : एक इंच व्यास, इंचाला आठ आटे, कोन ५५ अंश. म्हणजे व्हिटवर्थ. जोसेफ व्हिटवर्थने ही पद्धत १८४१ मध्ये इंग्लंडात मांडली आणि इंग्रजी अंमलाबरोबर ती इथे रुळली. मेट्रिक आट्याचा कोन ६० अंश असतो. आपल्याकडे मेट्रिक मापांचा कायदा १९५६ चा, पण वर्कशॉपांतून व्हिटवर्थचे टॅप-डाय पुढेही बरीच वर्षं चालले. तेव्हा नुसत्या आट्यांवरून साल ठरत नाही, घडवणारा इंचांत विचार करत होता एवढं ठरतं.

ताकद कुठून येत होती हे पायांवरून कळतं. पुढच्या दोन्ही पायांना जमिनीपासून वीतभर उंचीवर समोरासमोर भोकं आहेत, आणि आतून ती लंबगोल झिजली आहेत. इथे पायटा होता. पायाने दाबायचा, क्रँकने जड चाक फिरवायचं. नंतर केव्हातरी पायटा काढून विजेची मोटर बसवली. तिच्या पट्टीची भोकं मागच्या बाजूला आहेत, कडा अजून धारदार, झीज नाही.

हा बदल किती मोठा होता ते जुनी पद्धत आठवली की समजतं. आपल्याकडचा पारंपरिक कातारी जमिनीवर बसून काम करी. लाकडाभोवती दोरीचा वेढा. दुसरा माणूस ती आळीपाळीने ओढी, नाहीतर कातारी स्वतः एका हाताने धनुकली चालवी आणि पटाशी दुसऱ्या हाताने व पायाच्या बोटांनी धरी. लाकूड एकदा पुढे फिरे, एकदा मागे, आणि पटाशी फक्त पुढच्या फेरीतच कापे. पायट्याने फिरणं एकाच दिशेचं झालं, दोन्ही हात मोकळे झाले, दोरीवाला माणूस गेला.

आता मुख्य साक्ष. बेडच्या वाशांवर, हेडस्टॉकच्या खाली, काळपट कीट बसलं होतं. ग्रीस समजून खरवडायला घेण्याआधी एक कोपरा भिंगाखाली धरला, तर थर दिसले : तांबडा, त्याखाली पिवळा, खाली हिरवा, परत तांबडा. कापसाला स्पिरिट लावून पुसलं तर कापूस लाल झाला. वाळलेला ऑइल पेंट असा सुटत नाही. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. गरम सळई टेकवली तर थर मऊ पडला. लाखच.

बडोद्यापासून साधारण ४५ किलोमीटरवर, ओरसंग नदीकाठी संखेडा आहे. गायकवाडी मुलखातलंच गाव. गुजरातीत लेथला ‘संघेडो’ म्हणतात, आणि गावाचं नाव त्यावरूनच पडलं असं तिथले लोक सांगतात. तिथले खराडी सागाचे पाय, दांडे, कठडे कातून त्यावर कथलाच्या लेपाने नक्षी काढतात, अकीक दगडाने घोटतात आणि मग फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून पसरते, केवड्याच्या पानाने तिला चकाकी देतात. पांढरं कथील लाखेखालून सोनेरी दिसतं. बडोद्याच्या घराघरातल्या झोपाळ्यांवर, पाळण्यांवर ते ‘सोनं’ आपण सगळ्यांनी पाहिलंय. सावंतवाडीची आणि चन्नपट्टणची लाखेची खेळणी याच जातीच्या कामातली.

लाखेला दुजोरा टूल रेस्टने दिला. दोन फूट लांबीच्या पट्टीत फक्त नऊ इंचांचा एकच पट्टा खोल झिजला आहे, बाकी कडा जवळपास सरळ. शाळेच्या वर्कशॉपमधल्या लेथवर दर वर्षी नवी मुलं, नवी मापं. तिथे झीज सगळीकडे पसरते. इथे कोणीतरी वर्षानुवर्षं एकाच लांबीचा नग कातत होतं. हा रोजगाराचा लेथ आहे, शिक्षणाचा नाही.

हे कळल्यावर दुरुस्तीची यादी बदलली. ओळखीच्या एकाने सँडब्लास्टिंग सुचवलं होतं. तासाभरात यंत्र नव्यासारखं झालं असतं आणि साक्ष धुळीत गेली असती. त्याऐवजी आटे आणि सरकणारे भाग तेवढे रॉकेल व पितळी ब्रशने साफ केले. बुश नवे केले नाहीत. ते दोन फाकांचे आहेत, फाकांमधल्या पातळ पत्र्याच्या शिमा कमी करून आणि निळा लावून घासून ढिलाई काढली. झिजलेला टूल रेस्ट भरून न काढता तसाच ठेवला, कामासाठी दुसरा बनवला. लाखेचे थर जागेवर आहेत, वाशांच्या उरलेल्या भागाला जवसाचं तेल दिलं. मोटर १४४० फेऱ्यांची, पण पुल्यांनी स्पिंडल १२०० च्या आत ठेवला. पितळी बुशांना तेवढं पुरे. पट्ट्यावर जाळी, मोटरला अर्थिंग. नव्या प्रत्येक भागावर साल ठोकलं आहे आणि एकही नवीन भोक पाडलेलं नाही, म्हणजे उद्या कोणाला माझं काम काढून टाकायचं झालं तर पान्याने काढता येईल.

आपल्या मंडळात दरबाराचे हुकूम आणि घराण्यांच्या वंशावळी यावर भरपूर लिहिलं गेलंय. ते हवंच, पण दरबाराचे कागद जपायला दफ्तर होतं. लाखकाम करणाऱ्याचं दफ्तर म्हणजे त्याचं यंत्र, आणि ते किलोच्या भावाने विकलं जातं. त्यावर ‘कलाभवन’ची चिठ्ठी लावली की यंत्राला मान मिळतो, आणि ज्याने ते झिजवलं तो माणूस दुसऱ्यांदा पुसला जातो.

म्हणून वाचकांना एक विनंती. वाड्याच्या माळ्यावर, जुन्या दुकानात कातकामाचं काही सापडलं तर पॉलिश पेपर हातात घेण्याआधी फोटो काढा, झीज मोजा, कीट स्पिरिटने तपासा. आणि विकणाऱ्याने सांगितलेली कथाही लिहून ठेवा, मात्र वेगळ्या पानावर.