आयर्लंडची चेंडूफळी

भोकरदनजवळच्या असईला मी प्रथम गेलो तो शाळकरी वयात, मामांबरोबर. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात, १८०३ च्या सप्टेंबरात, शिंदे-भोसल्यांच्या फौजांचा ज्याने पराभव केला त्या आर्थर वेलस्लीचे नाव मामा घरचे कुणीतरी नुकतेच लुबाडले असावे अशा आवेशाने घेत. पुढे वॉटर्लूला नेपोलियनला नमविणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन तो हाच. हा गृहस्थ मला पुन्हा भेटला, आणि कुठे म्हणाल, तर क्रिकेटच्या इतिहासात!

आयर्लंडातला पहिला नोंदलेला सामना १७९२ साली डब्लिनच्या फिनिक्स पार्कात झाला. एकीकडे इंग्रजी छावणीतले अधिकारी, दुसरीकडे 'अखिल आयर्लंड'. आणि या दुसऱ्या संघात डब्लिनातच जन्मलेला, तेविशीतला आर्थर. त्याच्या धावा पहिल्या डावात ५, दुसऱ्यात १. हे मामांना सांगितले तेव्हा ते अडकित्ता थांबवून म्हणाले, "असईलाही असाच लौकर बाद झाला असता, तर काय बिघडलं असतं?"

छावणीबरोबर आलेला हा खेळ छावणीतच राहिला असता तर पुढचे रामायण घडले नसते. पण तो जमीनदारांच्या हिरवळीवर गेला, तेथून त्यांच्या कुळांच्या पोरांपर्यंत पोचला. किलकेनी आणि टिपरेरी परगण्यांत शेतकरी-मजूर हौसेने बॅट धरू लागले. १८५५ साली आयरिश संघाने इंग्लंडहून आलेल्या 'जंटलमन' मंडळींना डब्लिनमध्ये हरविलेही. इतकेच काय, आयरिश स्वराज्याचा पुढारी चार्ल्स स्टुअर्ट पार्नेल स्वतः विकलो परगण्याच्या संघाचा कप्तान होता! लोकमान्यांनी ज्या 'होमरूल'चे नाव १९१६ साली आपल्या संघाला दिले, तो शब्द ज्यांनी गाजविला त्यांतला हा अग्रणी.

मग वारा फिरला. १८७९ पासून जमीनदार आणि कुळे यांचा झगडा पेटला. जमीनदाराच्या हिरवळीवर खेळायला कुळाचा पोर कसा जाणार? १८८४ साली थर्लस गावी गेलिक ॲथलेटिक असोसिएशन स्थापन झाली. हर्लिंगसारखे आपले जुने देशी खेळ जगवावेत हा तिचा हेतू, आणि तो थोरच. तिचा संस्थापक मायकेल क्युसॅक स्वतः क्रिकेट खेळलेला होता, ही आणखी गंमत. पण विसाव्या शतकाच्या आरंभी या संस्थेने सभासदांवर बंदी घातली: क्रिकेट, रग्बी, फुटबॉल, हॉकी हे परके खेळ, ते जो खेळेल, नुसते पाहीलसुद्धा, तो संस्थेबाहेर. कोण कुठल्या मैदानावर दिसतो याची टेहळणी करायला माणसे नेमली जात. १९३८ साली खुद्द राष्ट्राध्यक्ष डग्लस हाइड फुटबॉलचा सामना पाहायला गेले, तर संस्थेने त्यांचे आश्रयदातेपद काढून घेतले! गेलिक भाषेसाठी जन्मभर झटलेला हा माणूस.

मी हे वाचत होतो आणि मला आपली मुंबई आठवत होती. त्याच सुमारास, १९०६ साली, पालवणकर बाळूंच्या गोलंदाजीने हिंदूंनी युरोपियनांना चीत केले. १९२६ साली सी. के. नायडूंनी एम. सी. सी. विरुद्ध १५३ धावा ठोकल्या तेव्हा मुंबई वेडी झाली. आपण साहेबाचीच बॅट उचलून त्याला उत्तर दिले. आयरिश माणसाने ती बॅट त्याच्या दारात परत टाकली. कुणाचे बरोबर? हर्लिंग आज तिकडे जिवंत आहे ते या हट्टामुळेच, हे मी कसे नाकारू? तरी बंदीने दोन पिढ्यांच्या खेळाडूंचे जे नुकसान केले, ते मला बोचते.

क्रिकेट उरले ते डब्लिनच्या काही क्लबांत, विद्यापीठांत आणि उत्तरेत. देशाची फाळणी झाली, पण क्रिकेटचा संघ मात्र अखंड आयर्लंडाचाच राहिला. डब्लिन विद्यापीठाकडून १९२५-२६ साली नॉर्दॅम्प्टनशायरविरुद्ध खेळलेला सॅम्युएल बेकेट नावाचा विद्यार्थी पुढे नाटककार झाला आणि १९६९ साली त्याला साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले.

त्याच १९६९ च्या जुलैची २ तारीख. उत्तर आयर्लंडातले सायन मिल्स हे तागाच्या कापडाच्या गिरणीभोवती वसलेले खेडे. लॉर्ड्सची कसोटी आदल्या दिवशी संपवून वेस्ट इंडीजचा संघ तेथे आला: क्लाइव्ह लॉइड, बुचर, आणि व्यवस्थापक म्हणून आलेले त्रेचाळीस वर्षांचे क्लाइड वॉलकॉट. ओलसर हिरव्या खेळपट्टीवर डब्लिनच्या दोघांनी, ॲलेक ओरिऑर्डन आणि कप्तान डग्लस गुडविन यांनी, जो धुमाकूळ घातला, त्याने धावफलक ९ बाद १२ झाला. शेवटच्या जोडीने कशाबशा १३ जोडल्या. सर्वबाद २५! गुडविनने ६ धावांत ५ गडी घेतले, ओरिऑर्डनने १८ धावांत ४. आदल्या रात्री पाहुण्यांना मद्य पाजले अशी कंडी पिकली. खेळाडूंनी ती नाकारली. पुढच्याच महिन्यात उत्तरेत दंगली पेटल्या. गेलिक संस्थेची बंदी उठायला १९७१ साल उजाडले.

१७ मार्च २००७ च्या रात्री आमच्या घरी सुतक होते. विश्वचषकात भारत बांगलादेशाकडून हरला होता. मामा ऐंशीच्या पुढे गेलेले, तरी जागे. मी त्यांना सांगितले की त्याच दिवशी, संत पॅट्रिकच्या सणाला, किंग्स्टनला आयर्लंडने पाकिस्तानला १३२ धावांत गुंडाळून हरविले. "म्हणजे त्या वेलस्लीचे गाववाले?" मामांनी विचारले. मी म्हटले, "नाही मामा, त्याच्या कुळांचे नातू असतील." त्यावर ते हसले, आणि मग झोपले.

पुढे २०११ साली बंगळूरला इंग्लंडच्या ३२७ धावांचा पाठलाग करताना ५ बाद १११ झाले असता केव्हिन ओब्रायनने ५० चेंडूंत शतक काढले. तरी चांगले खेळाडू इंग्लंडकडेच जात, कारण कसोटी तिकडेच. डब्लिनचा ऑइन मॉर्गन २०१९ साली विश्वचषक जिंकला तो इंग्लंडचा कप्तान म्हणून. २०१७ च्या जूनमध्ये कसोटीचा दर्जा मिळाला. पहिली कसोटी २०१८ च्या मे महिन्यात पाकिस्तानविरुद्ध, मॅलाहाइडला, म्हणजे गुडविनच्याच गावात. पहिला दिवस पावसाने खाल्ला. दुसऱ्या वर्षी लॉर्ड्सला इंग्लंडला ८५ धावांत बाद केले आणि आपण ३८ धावांत गडगडले.

१ मार्च २०२४ ला अबुधाबीला अफगाणिस्तानविरुद्ध विजयासाठी १११ धावा हव्या होत्या. कप्तान अँड्र्यू बॅलबर्नी ५८ धावांवर नाबाद राहिला आणि आयर्लंडने आपली पहिली कसोटी सहा गडी राखून जिंकली. बातमी सांगायला मामा नव्हते. अडकित्ता अजून माझ्या टेबलावर आहे.