आवारे, राहुल बाळासाहेब

आवारे, राहुल बाळासाहेब (२ नोव्हेंबर १९९१– ). आंतरराष्ट्रीय फ्रीस्टाइल मल्ल व महाराष्ट्र पोलीस दलातील अधिकारी. मूळचे पाटोद्याचे (जि. बीड). वडीलही पैलवान असल्याने मातीची ओळख घरातच झाली. पुढे पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत हरिश्चंद्र बिराजदार यांच्या हाताखाली ते घडले. २०११ मध्ये बिराजदारांच्या निधनानंतर काका पवार यांनी त्यांना मार्गदर्शन केले.

१२ एप्रिल २०१८ रोजी गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत ५७ किलो गटाच्या अंतिम फेरीत त्यांनी कॅनडाच्या स्टीव्हन ताकाहाशीला १५–७ असे हरवून सुवर्णपदक मिळविले. दुसरी मोठी कामगिरी नूर-सुलतान येथील २०१९ च्या जागतिक स्पर्धेतली. ६१ किलो गटात जॉर्जियाच्या बेका लोमताद्झेकडून उपान्त्य फेरीत हार पत्करल्यावर अमेरिकेच्या टायलर ग्राफवर ११–४ अशी मात करून त्यांनी कांस्यपदक घेतले. मात्र ६१ किलो हा गट ऑलिंपिकमध्ये नाही. तेथे ५७ नंतर थेट ६५, आणि ५७ मध्ये त्याच स्पर्धेत भारताचाच रविकुमार दहियाही पदक घेऊन उभा होता. इतका दर्जा असूनही आवारे ऑलिंपिकला मुकले, ते काही अंशी या वजनांच्या गणितामुळे.

आशियाई अजिंक्यपद स्पर्धांतही त्यांची कांस्यपदके आहेत. २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. आंतरराष्ट्रीय पदकविजेत्यांना थेट शासकीय सेवेत घेण्याच्या राज्याच्या धोरणानुसार त्यांची पोलीस उपअधीक्षकपदी नियुक्ती झाली.