काचीगुड्याचा घर नंबर आणि डॉट इनची गोष्ट

हैदराबादचा घर नंबर बाहेरगावच्या पाहुण्याला कोडेच वाटतो. आधी वॉर्ड, मग ब्लॉक, मग घर, मध्ये आडव्या रेघा. वाटण्या झालेल्या जुन्या वाड्यांना तर पुढे तिरक्या रेघेनंतर आणखी आकडे. पण काचीगुड्यात किंवा सुलतान बाजारात घर शोधणारा आकडे विचारत नाही, 'वकीलसाहेबांचे घर कोणते?' असेच विचारतो.

संगणकांचेही तसेच आहे. त्यांचा खरा पत्ता आकड्यांचा, माणसे मात्र नाव सांगतात. अमेरिकेतल्या अर्पानेटवर सुरुवातीला सगळी नावे एकाच यादीत असत. मेन्लो पार्कच्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइन्लर यांचा विभाग ती यादी सांभाळी. नवा संगणक आला की तिथे कळवायचे आणि बाकीच्यांनी नवी यादी उतरवून घ्यायची. यंत्रे वाढली तशी यादी शिळी राहू लागली. १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी तोडगा काढला: एकच दप्तर नको, कामाची वाटणी करा. तेव्हापासून नावाची चौकशी उजवीकडून सुरू होते. (उर्दू पाट्या वाचत वाढलेल्या आपल्याला त्याचे नवल नाही.) आधी 'इन' कोणाकडे ते विचारायचे, त्याच्याकडून 'गव्ह'चा ठाव घ्यायचा, मग खात्याचा.

आपले 'डॉट इन' ८ मे १९८९ रोजी नोंदले गेले आणि त्याचा कारभार मुंबईत, जुहूच्या एनसीएसटी या संस्थेकडे आला. डॉ. श्रीनिवासन रमाणी यांची ही संस्था. सर्वसामान्यांना इंटरनेट मिळाले १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगमकडून. पण डॉट इनचे नियम इतके कडक, की २००४ पर्यंत जेमतेम सात हजार नावे नोंदली गेली. २००५ पासून नोंदणी निक्सीकडे गेली आणि सर्वांना खुली झाली.

निक्सीचे मूळ काम मात्र वेगळे, आणि मला तेच मोठे वाटते. पत्ता सापडला म्हणजे वाट सापडली असे नाही. दोन कंपन्यांची जाळी देशात एकमेकांना जोडलेली नसतील, तर अबिड्सहून नामपल्लीला निघालेला निरोप समुद्र ओलांडून परत यायचा. वेळ जायचा आणि परदेशी दुव्याचे भाडे डॉलरमध्ये भरावे लागायचे. २००३ मध्ये स्थापन झालेल्या निक्सीने देशातच देवाणघेवाणीची ठाणी उभारली. पुढे हैदराबादलाही असे ठाणे आले.

२ जून २०१४ ला तेलंगण राज्य झाले. फायलींची, शिक्क्यांची, टेबल-खुर्च्यांची वाटणी सर्वांनी पाहिली, नावांची फारशी कोणी पाहिली नाही. 'एपी डॉट गव्ह डॉट इन'च्या जोडीला 'तेलंगणा डॉट गव्ह डॉट इन' आले. पेन्शनच्या एका छापील सूचनेवर जुनाच पत्ता राहिला होता. आमच्या गल्लीतले एक निवृत्त मास्तर तो वहीत उतरवून दोनदा नेट कॅफेत गेले, पान उघडेना. मला म्हणाले, "अहो, माझी पेन्शन बंद तर नाही ना झाली?" पेन्शन जागेवर होती, तिथे जायचे नाव तेवढे बदलले होते. नवा पत्ता मी त्यांना मोठ्या अक्षरांत लिहून दिला, पण इंग्रजीत, आणि त्यांनी तो माझ्यासमोर एकेक अक्षर लावून वाचला.

त्याच वर्षी २७ ऑगस्टला देवनागरीतले 'डॉट भारत' खुले झाले. मराठीही त्यात आहे. तेलुगू आणि उर्दू लिपीतही ते मिळते. काही अर्जांच्या चौकटी देवनागरी पत्ता अजून स्वीकारत नाहीत, ही अडचण खरी. तरी आपल्या मंडळाने स्वतःचे नाव देवनागरीत नोंदवावे, असा विषय मी येत्या सभेत मांडणार आहे.