दुखत नाही म्हणून सांगितलं नाही : गडचिरोली आणि स्तनातली गाठ

आजचा विषय स्तनातल्या साध्या, म्हणजे कर्करोगाच्या नसलेल्या गाठींचा. पण सुरुवात करू गडचिरोलीपासून.

26 ऑगस्ट 1982 ला चंद्रपूरपासून वेगळा होऊन गडचिरोली जिल्हा झाला. काही वर्षांतच डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी तिथे ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या 650 बायकांची त्यांनी तपासणी केली. जानेवारी 1989 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापून आले : 92 टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग होता. तक्रार मात्र 55 टक्क्यांचीच होती, आणि आधी कधी तपासणी झालेल्या बायका जेमतेम 8 टक्के!

हा अभ्यास जननमार्गाच्या आजारांचा होता, स्तनांचा नव्हे. तरी त्यातली गोष्ट आपल्या विषयाला तंतोतंत लागू पडते. त्रास नाही म्हणजे आजार नाही, असं धरून चालता येत नाही. पुढे शोधग्राममध्ये दवाखाना बांधला, तो झोपड्यांसारखा, आणि नाव दिलं माँ दंतेश्वरीचं. लोकांना दवाखाना परका वाटला तर ते येणारच कसे?

आता गाठ. स्तनातल्या बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. तरुण मुलींमध्ये फायब्रोअडेनोमा जास्त दिसतो : गुळगुळीत, रबरासारखा, बोटाखालून सटकणारा. डॉक्टर गमतीने त्याला ‘स्तनातला उंदीर’ म्हणतात. पस्तिशी-चाळिशीनंतर पाण्याच्या गाठी, म्हणजे सिस्ट, वाढतात. पाळीच्या आधी स्तन गाठाळ लागणं तर नेहमीचंच.

अडचण अशी, की फायब्रोअडेनोमा बहुधा दुखत नाही, आणि कर्करोगाची गाठही सुरुवातीला बहुधा दुखत नाही. म्हणून नुसत्या दुखण्यावरून निदान होत नाही. त्यासाठी तीन पायऱ्या असतात. आधी हाताने तपासणी. मग सोनोग्राफी, आणि वय जास्त असेल तर मॅमोग्राफीही. गरज पडली तर सुईने पेशी किंवा बारीक तुकडा काढून तपासायचा. सुईची ही पद्धत न्यूयॉर्कच्या मेमोरियल हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी 1930 मध्येच मांडली होती. सुई टोचल्याने रोग पसरतो, ही भीती मनातून काढून टाका. तिन्हींचा निकाल साधा आला, तर बऱ्याच गाठी न कापता नुसत्या लक्षात ठेवल्या तरी चालतं.

यातल्या पहिल्या पायरीला मोठं यंत्र लागत नाही. टाटा मेमोरियलने 1998 पासून मुंबईत दीड लाखावर बायकांचा अभ्यास केला. निम्म्या बायकांना प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने तपासत. 2021 मध्ये निकाल आला : या गटात कर्करोग लवकरच्या टप्प्यात सापडला, आणि पन्नाशीपुढच्या बायकांत त्याने होणारे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी कमी झाले.

गाठ घट्ट आहे, हलत नाही, कातडी आत ओढली जाते, बोंडातून रक्त येतं, काखेत गाठ लागते, यातलं काहीही असेल तर थांबू नका. नसेल तरी नवी गाठ एकदा दाखवाच. आणि घरातल्या बाईने ‘गाठ लागते’ म्हटलं, तर ‘दुखते का?’ एवढंच विचारून विषय संपवू नका. भेटू पुढच्या भागात.