वऱ्हाडातील न्याहारीचे स्थित्यंतर आणि मधुमेही व्यक्तीचे हृदयारोग्य : तेल्हारा परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :
मधुमेहाचे निदान झालेल्या रुग्णास तेल्हारा परिसरात जो आहारसल्ला मिळतो, त्यात ज्वारीच्या भाकरीचा उल्लेख बहुधा असतोच. दोन-तीन पिढ्यांपूर्वी जे अन्न येथे घरोघरी रोज होत असे, ते आज औषधासारखे सांगावे लागते. न्याहारी बदलली ती जिभेच्या चोचल्यांमुळे, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः या बदलामागे जमीन, रेशन आणि बाजार यांचा मोठा वाटा आहे आणि तो लक्षात न घेता दिलेला सल्ला अपुरा ठरतो.

न्याहारीचे जुने रूप :
पूर्वी अकोट तालुक्यात मोडणारे तेल्हारा हे सातपुड्याच्या पायथ्याशी, पूर्णेच्या खोऱ्यातील काळ्या जमिनीचे गाव. या जमिनीत कापूस विकण्यासाठी आणि ज्वारी खाण्यासाठी, अशी विभागणी दीर्घकाळ होती. शेतावर जाणाऱ्याची न्याहारी म्हणजे भाकर, ठेचा किंवा जवसाची चटणी, कांदा आणि असल्यास ताक. अंबाडीच्या भाजीत ज्वारीच्या कण्या, हिवाळ्यात कळण्याची भाकर. ज्वारी कोंड्यासह दळली जाई, त्यामुळे तंतू टिकत; जवसातून ओमेगा-3 वर्गातील स्निग्धाम्ल मिळे. मात्र या न्याहारीमागे दिवसभराचे अंगमेहनतीचे काम होते, हे विसरता येत नाही. पूर्वजांना मधुमेह नव्हता, असे छातीठोकपणे म्हणणेही योग्य नाही. त्या काळी गावात रक्तशर्करा मोजणारेच कोणी नव्हते.

बदलाची कारणे :
1853 साली वऱ्हाड इंग्रजी कारभाराखाली आले. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात (1861-65) कापसाला अभूतपूर्व भाव मिळाला आणि 1867 पर्यंत भुसावळ-नागपूर लोहमार्ग पूर्ण झाला. कापसाने पैसा आणला, पण पोटाची ज्वारी हलली नाही. 1899-1900 च्या दुष्काळाने मात्र पैशावर धान्य मिळतेच असे नाही, हा धडा दिला. विसाव्या शतकात चहाचा प्रसार झाला. 1930 नंतर तर चहाची संघटित जाहिरात झाली. साखरेचा चहा ही न्याहारीची पहिली पायरी बनली.

खरा फेरबदल स्वातंत्र्यानंतरचा. आयात गव्हाची सवय रेशन दुकानांनी लावली. 1972 च्या दुष्काळात आलेली परदेशी तांबडी मिलो लोकांनी नाइलाजाने खाल्ली. तिची कडवट आठवण जुनी माणसे आजही सांगतात. 1964 साली आलेल्या सीएसएच-1 या संकरित वाणाने उत्पादन वाढवले, परंतु संकरित ज्वारीच्या भाकरीला जुन्या वाणांची गोडी नाही, अशी तक्रार राहिली. पुढे 1990 नंतर सोयाबीन पसरले. ज्वारीचा भाव कमी, राखणीला माणूस मिळेना, रानडुकरे आणि पाखरे यांचा उपद्रव. शिवाय बैल कमी झाल्याने कडब्याची गरजही उरली नाही. शेतकऱ्याने ज्वारी सोडली, ती हिशेबाने. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यानंतर स्वस्त गहू-तांदूळ दारात आले. ज्वारी आता विकत घ्यावी लागते, आणि तीही अनेकदा गव्हापेक्षा महाग.

तिची जागा पोहे, आलुबोंडा, समोसा यांनी घेतली. शेजारच्या शेगावची कचोरी तर या भागाची ओळखच बनली. उपवासाच्या दिवशी साबुदाणा, म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. वारंवार तापवलेले तेल आणि वनस्पती तूप हा आणखी एक प्रश्न. स्निग्धपदार्थांतील ट्रान्स-फॅटवर 2 टक्क्यांची मर्यादा येण्यास 2022 उजाडले.

मधुमेह आणि हृदय :
मधुमेही व्यक्तीस हृदयविकाराचा धोका अधिक असतो, हे अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम पाहणीने 1970 च्या दशकात ठळक केले. पहाटे शरीरात वाढणाऱ्या संप्रेरकांमुळे इन्सुलिनचा प्रभाव कमी पडतो. म्हणून सकाळी खाल्लेले पिष्टमय अन्न रक्तशर्करा वेगाने चढवते. ही वारंवारची चढउतार रक्तवाहिन्यांच्या अस्तराला इजा करते, रक्तातील ट्रायग्लिसराइड वाढवते. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या बहुदेशीय 'प्युअर' अभ्यासात उच्च ग्लायसेमिक निर्देशांकाचा आहार आणि हृदयविकार यांचा संबंध आढळला.

न्याहारी टाळणे हाही उपाय नव्हे. 2015 मधील एका प्रयोगात मधुमेहींनी सकाळचे खाणे टाळले, तेव्हा दुपारच्या जेवणानंतर त्यांची शर्करा अधिक चढली. इन्सुलिन किंवा शर्करा उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्याने गुरुवारी वा एकादशीला नुसत्या चहावर राहणे तर धोक्याचे. शर्करा एकाएकी घसरू शकते.

देशातील सुमारे 10.1 कोटी लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज 2023 साली भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाहणीने दिला. ज्वारीही पिष्टच आहे; चार भाकरींनी शर्करा चढतेच. एक भाकर, डाळ किंवा बेसन, पालेभाजी, ताक आणि जवसाची चटणी असे ताट मात्र निव्वळ पोह्यांपेक्षा शर्करा सावकाश चढवते. पोह्यांत मोड आलेली मटकी आणि शेंगदाणे घातल्यासही फरक पडतो. हे ताट मजुरी करणाऱ्या कुटुंबाला परवडते का, हा प्रश्न दवाखान्यात क्वचितच विचारला जातो. 2023 हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले. तेल्हाऱ्याच्या काळ्या रानात मात्र त्याही खरिपात सोयाबीन आणि कापूसच उभा होता.