घंटी वाजली तर खरे

१९८१ सालच्या जनगणनेच्या वेळी मी खेड्यातल्या शाळेत नवा मास्तर होतो. आणि मास्तर म्हटला की शिरगणती त्याच्या गळ्यात पडायचीच. घरोघर हिंडण्यात मौज होती. कुठे चहा, कुठे गूळ-पाणी. खरी कसोटी लागली ती गोषवारा करताना. चार उभ्या रेघा, पाचवी तिरपी, अशा जुड्या बांधत रात्री कंदिलापाशी बसलो, तर पुरुष आणि बायका यांची बेरीज एकूण माणसांशी जुळेना! एक माणूस जास्तच येई.

तेव्हापासून मोजदादीच्या युक्त्या काढणाऱ्यांविषयी मला मोठा आदर आहे. आज बाजारपाहणीच्या नव्या सॉफ्टवेअरला समारंभाने बक्षिसे देतात. पण या घराण्याच्या मूळ पुरुषाने, हर्मन हॉलरिथने, आपले बक्षीस चक्क घड्याळ लावून मिळवले होते.

अमेरिकेच्या १८८० च्या जनगणनेचे आकडे जुळवता जुळवता सात वर्षांहून अधिक काळ गेला. पुढची गणती दाराशी येऊन ठेपली. तेव्हा १८८८ साली जनगणना कचेरीने स्पर्धाच लावली. सेंट लुईस शहरातल्या १०,४९१ माणसांची माहिती तिन्ही उमेदवारांना दिली. हंट रंगीत शाईने कागदाच्या चिठ्ठ्या लिही, पिजिन रंगीत पत्ते वापरी आणि हॉलरिथ पत्त्यांना भोके पाडी. नुसती माहिती उतरवायला हंटला १४४ तास २५ मिनिटे लागली, पिजिनला ११० तास ५६ मिनिटे, हॉलरिथला ७२ तास २७ मिनिटे. इथवर चढाओढ तरी म्हणता येईल. पुढे आकडे मांडायची वेळ आली. हंटला ५५ तास २२ मिनिटे, पिजिनला ४४ तास ४१ मिनिटे, आणि हॉलरिथला? ५ तास २८ मिनिटे!

युक्ती पाहा. आगगाडीचा तिकीट तपासनीस प्रवाशाचा चेहरामोहरा तिकिटावर भोके पाडून टिपून ठेवी, ते हॉलरिथने पाहिले होते. त्याने पत्त्यावर प्रत्येक गोष्टीला जागा नेमली: पुरुष इथे, स्त्री तिथे. पत्ता यंत्रात ठेवून दांडा दाबला की भोक असेल तिथून सुई खालच्या पाऱ्याच्या वाटीत उतरे, विजेचा प्रवाह सुरू होई आणि तबकडीचा काटा एक घर पुढे सरके. नोंद नीट झाली की घंटी वाजे. नाही वाजली, तर पत्त्यात काहीतरी राहिले आहे असे समजायचे.

१८९० मध्ये फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन संस्थेने त्याला इलियट क्रेसन पदक दिले. त्याच वर्षी देशाची लोकसंख्या जाहीर झाली: ६,२६,२२,२५०. आणि लोक रुसले! आपण याहून पुष्कळ जास्त आहोत, अशी त्यांची समजूत होती. वर्तमानपत्रांनी गणतीवर ताशेरे झाडले. आपल्या गावातही माणसे कमी भरली की दोष मास्तरांचाच असतो, तसेच हे.

असो. माझा तो जास्तीचा माणूस पहाटे सापडला. वेशीजवळच्या एका घरात आठ दिवसांची मुलगी होती, बारसे व्हायचे होते. नावाच्या जागी काय लिहावे या विचारात मी तिला एकूण माणसांत धरले होते, आणि पुढचा स्त्री-पुरुषाचा रकाना कोराच सोडला होता.

हॉलरिथच्या यंत्रात तिच्या पत्त्याला घंटी वाजली नसती. मी कंदिलाची वात मोठी केली आणि त्या रकान्यात ‘स्त्री’ असे लिहिले.